सांधे

मुहर्रकच्या गल्लीत, भाड्याच्या घराच्या अंगणात
एका रमझानपासून दुसऱ्यापर्यंत
यांनी होडी उभी केली.
नकाशा नाही. सासऱ्यांची माप घ्यायची रीत आठवून
स्वतःच्या विती टाकायचे,
दर वितीला बोटभर जास्त धरायचे,
“दादांचा पंजा मोठा होता.”

पठाण आला गोदीच्या भंगारातून.
वाक सिदरचे, म्हणजे आपली बोरच.
नाळेत आमच्या पलंगाची उशाकडची फळी गेली;
तेव्हापासून झोपेत माझं डोकं भिंतीला लागतं.

शेजारचे अबू जासिम रोज असरनंतर येत,
बोटाच्या पेराने फळ्या वाजवत, कान लावत,
न बोलता जात.
एकदाच म्हणाले, “पाणी पाजा तिला.”

शुक्रवारी नळाला पाइप लावला
आणि होडीत पाणी सोडलं. आत.
ती सगळ्या सांध्यांतून गळली.
अंगण भिजलं, गल्ली भिजली,
मांजरं येऊन चाटून गेली.
हे पायरीवर बसून,
कुणाचा तरी एसी बंद पडलेला,
फोन चारदा वाजून गप्प झाला.

दुसऱ्या दिवशी धार बारीक.
तिसऱ्या रात्री लाकूड फुगलं,
थेंब फळीला लोंबकळला
आणि पडलाच नाही.

समुद्र तीन गल्ल्या पलीकडे.
नळाचं पाणीही त्याचंच,
मीठ उतरवून पाठवलेलं.
वाळत घातलेल्या चादरींखालून
मी गुडघाभर आत उतरले.
होडी हलली नाही.

हे अंधारातून म्हणाले,
“अगं, पाय धुतलेस का?”