चिन्ह : कंगवा

एकवीस पुरी होऊन अठराच दिवस झाले होते.
फॉर्म सगळा कन्नडमध्ये,
माझं कन्नड दहावीपर्यंतचं, पासापुरतं.
हुंदरे लिहिताना हात अडला
तेव्हा हिरेमठ क्लार्क चष्म्यावरून म्हणाले,
'निधान बरी, तंगी,'
आणि अक्षराचं वळण
बंद पेनानं हवेत काढून दाखवलं.
डिपॉझिट शंभर. बाईमाणूस म्हणून निम्मं.
दोन पोती रताळी विकून आईनं दिलं,
पावती मात्र मागून घेतली.

मी पुस्तक मागितलं होतं.
ते चिठ्ठीत बाळेकुंद्रींना गेलं,
चार वेळा निवडून आलेत ते,
त्यांच्या घरी पुस्तक म्हणजे रेशनचं.
मला कंगवा.
कट्ट्यावरची पोरं मी दिसले की भांग पाडायची.
मारुतीअण्णांनी डोक्यावरनं टोपी काढून दाखवली,
'माझ्या काय कामाचा गे हा?'
अण्णा, भांगासाठी नाही,
फाट्यावर दिवा हवाय.

सात चाळीसची शेवटची बस
आम्हा पाचजणींना फाट्यावर उतरवून जाते.
तिथून गावापर्यंत ऊस, दोन्ही बाजूंनी,
आणि पाच मोबाईल, त्यातले तीन चार्जिंग संपलेले.
एवढंच माझं भाषण.
त्यात विकास हा शब्द घाल म्हणाला चुलतभाऊ,
घालून बघितला, बसेना.

खालच्या गल्लीत गंगव्वाच्या दारात
पाठ केलेलं वाक्य ऐनवेळी सांडलं.
'फाट्याला... लैट... बेकु...'
ती तोंडाला पदर लावून हसली,
मग सरळ मराठीत म्हणाली,
'माझी बी पोरगी त्याच बसला असती गे, शिकली असती तर.'
चहा दिला. मत देईन असं काही म्हणाली नाही.

तिसऱ्या दिवशी तालुक्याला मोजणी.
सहा मतांनी पडले.
बाद झालेल्या चार मतपत्रिका त्यांनी उचलून दाखवल्या:
एक कोरी,
दोन रेघेवर शिक्का मारलेल्या,
आणि चौथीवर शिक्काच नाही.
कंगव्यावर, बरोबर दातांच्या मधोमध,
जांभळा अंगठा.
किती दाबून उठवलेला,
एकेक रेघ वेगळी दिसावी इतका.
'इदु नडेयोल्ला,' साहेब म्हणाले, चालत नाही,
आणि बाजूला ठेवली.
ती धरली असती तरी पडलेच असते.

दुसऱ्या दिवशी कॉस्ट अकाउंटिंगचा पेपर.
पहाटे आईनं पाठीमागे बसून वेणी घातली,
कधी नव्हे ते काही न बोलता.
रिबीन द्यायला मागे वळले
तर तिनं हात पटकन मुठीत घेतला.
रताळ्याची माती होती, म्हणाली.
रताळी तर गेल्या महिन्यातच संपली.

बसमध्ये कंडक्टरनं पास बघितला,
'काय लागला गे निकाल?'
'अजून पेपरच व्हायचाय, मामा.'
तो हसला. मीही.
येताना फाट्यावर
नेहमीपेक्षा जास्त अंधार होता,
किंवा मी पहिल्यांदाच
तो नीट मोजत होते.