दोन म्हणता येऊ नये

एंदेल आला तेव्हा दुकानात कुणी नव्हतं.
बंदरावरचा वारा आधी आत आला, मग तो.
बुटांवरचा बर्फ झटकत म्हणाला,
नातवाला हवंय, रासमुसला.
यंदा घरी बिअर गाळायची म्हणतो,
आणि या पोरांचं थर्मामीटरशिवाय पान हलत नाही.

रासमुस ताल्लिनला क्रेन चालवतो.
बिअर तो डब्यातली पितो, हे अख्ख्या सारेमा बेटाला ठाऊक.
मी काउंटरवर चार मांडली.

काचेचं, आत लाल रेघ. स्वस्त.
पण ढवळताना एकदा का दांडा लागला
की काच जवात, आणि सगळा घाणा झुडपात.
तबकडीचं, लांब सळईचं,
हंड्याच्या काठाला चिमट्यानं धरतं,
मात्र सावकाश चढतं,
जेवायला तिसऱ्यांदा हाक मारल्यावर उठणाऱ्या माणसासारखं.
बॅटरीचं, तीन सेकंदांत आकडा;
वाफ खाऊन खाऊन दुसऱ्या हिवाळ्यात आंधळं होतं.
आणि हे, भोक पाडून हंड्यातच बसवायचं.

भोक? तो म्हणाला.
आजोबांच्या तांब्याच्या हंड्याला?
मग जरा थांबून,
म्हणजे, रासमुस काही पाडू देणार नाही.

खरं बोलतं कशावरून, त्यानं विचारलं.
ठेचलेल्या बर्फात धरा, शून्य यायला हवं.
उकळत्या आधणात शंभर.
आणि मला कशात धरून बघायचं, म्हणाला,
आणि हसला, आणि बोलत राहिला
समुद्र अजून गोठला नाही याबद्दल,
जूनिपरच्या फांद्या यंदा कशा ठिसूळ आहेत याबद्दल,
आणि बोलता बोलता, जुन्या सवयीनं,
माझ्या नुकत्या ओतलेल्या कॉफीत
तर्जनी घातली.

तिथंच राहिली ती.
फांद्या संपल्या, बर्फ संपला,
बोट पेराच्या वर लाल चढलं,
आणि तो माझ्याकडे बघत होता,
मी काय बघतेय हे बघत.

तार्तूच्या इस्पितळातून आल्यापासून
त्याच्या कोटाची बटणं उघडी असतात.
मला वाटलं होतं, गडी अजून थंडीला जुमानत नाही.

बोट पुसत तो म्हणाला, वडील सांगायचे,
पाण्यात बोट बुडवावं.
एक म्हणता यावं.
दोन म्हणता येऊ नये.
मग जव ओतावेत.
त्याचा आकडा किती, व्हिर्वे?

खोक्याच्या पाठीवर आकडे होते.
कोंबडीचा, डुकराच्या मांसाचा, पाकाचा.
हा नव्हता.

तबकडीचं घेतलं. बावीस युरो.
नाणी दोनदा सांडली. दोन्ही वेळा मी वेचली,
आणि दोन्ही वेळा हवामान काढलं.

संध्याकाळी फळी लावल्यावर
मागच्या खोलीत पाणी उकळलं,
तसंच दुसरं एक थर्मामीटर खोक्यातून काढलं
(उद्या नवं म्हणूनच विकीन),
आणि काटा उतरायची वाट बघत बसले.
ऐंशीला ओठही उघडता आले नाहीत.
चौऱ्याहत्तरला नुसता ए.
सहासष्टला एक,
आणि दो
आणि मग नळाखाली बोट, आणि एक शिवी,
जी आईला आवडली नसती.

पण हे बोट खिळे मोजणारीचं.
त्याच्या हातावर चाळीस वर्षांची जाळी आहेत,
त्याचं एक माझ्या एकहून जाड असणार,
वडिलांचं त्याहून.
किती अंश वाढवायचे एका माणसाला?

पावतीच्या पाठीवर पेन्सिलीनं लिहिलं,
सहासष्ट ते सत्तर,
अडुसष्ट धरून चाला.
खाली आणखी एक ओळ.
रासमुसला सांगा.