रुपयाएवढं ऊन

सोमवारी शिरेतून औषध गेलं
आणि ऊन उतरल्यावर खारघरहून उलव्याला
आईला मी गोधडीत गुंडाळून आणलं,
गॉगल, हातमोजे, पायात माझ्या लेकाचे शाळेचे मोजे.
रिक्षावाला आरशातून बघत राहिला.

खिडक्यांना काळी चादर. साठचा एकच बल्ब.
चाळीस वर्षं मिठागरात राबलेली बाई
भिंतीकडे तोंड करून म्हणाली,
"उन्हानच त मीठ पिकतं, बाय.
मना कनची शिक्षा ही?"

डॉक्टर खोपकरबाईंनी कागदावर गाठ काढून दाखवली होती:
औषध अंगभर फिरतं,
चांगल्या मांसातून लवकर काढता पाय घेतं,
गाठीत मात्र मुक्काम करतं.
मग नेमका तिथेच उजेड पाडायचा. लाल.
तो भाजत नाही. पण त्याच्या नुसत्या पडण्याने
श्वासातलाच प्राणवायू गाठीवर उलटतो.
"आणि जिथे उजेड पोचत नाही?"
त्यांनी पेन्सिल खाली ठेवली.
"एक सेंटिमीटर पोचतो. फार तर."

शुक्रवारी दोनशे सेकंद.
मी बाहेर बाकावर मोजत होते,
एकशे चाळीसला कुणाचा तरी फोन वाजला
आणि चुकले.

गाल सुजला. गाठ आधी पांढरी पडली,
कालवणातल्या माशाच्या डोळ्यासारखी.
चौथ्या दिवशी काळी.
वास असा, की मी मुद्दाम सुकट भाजली,
शेजारी कुणाला कळू नये म्हणून.
त्याच संध्याकाळी आईने चाचपडत
फळीवरची मिश्रीची डबी काढली, माझ्या हातात दिली.
बोलली काहीच नाही.

तिसऱ्या आठवड्यात पेज पिताना
खपलीचा तुकडा वाटीत आला.
खाली कोवळं, गुलाबी.
मागच्या दाढेपाशी एक करडी रेघ तेवढी तशीच.
तिच्याबद्दल पुढच्या महिन्यात बोलू,
म्हणाल्या खोपकरबाई.

आज परीक्षा.
मेडिकलच्या कागदी पिशवीला मी रुपयाएवढं भोक पाडलं,
आईचा हात आत, मनगटाला दोरा,
आणि दार किलकिलं करून
तेवढा हात बाहेर ठेवला.
दहा मिनिटं. मग उद्यापर्यंत वाट बघायची:
कातडी लाल झाली, तर परत चादरी.

हात उन्हात, बाकीची आई दाराआड.
"वलखतं का गं मना?" तिने विचारलं.
मी घड्याळ बघत होते.
सहा मिनिटं झाली होती.