अभ्यासाच्या मर्यादा

ताळगावच्या पठारावर संध्याकाळी वारा असा सुटतो
की सहमतीपत्रकांवर हेल्मेट ठेवावं लागतं.
बत्तीस विद्यार्थी, बत्तीस क्रमांक,
आणि एक शब्द, ज्याला मराठीत काय म्हणायचं
यात कुंकळ्येकर मॅडमचे नि माझे तीन आठवडे गेले.
'अल्पकालीन शारीरिक जवळीक,' शेवटी त्यांनीच लिहिलं
आणि स्वतःच हसल्या :
विम्याच्या पॉलिसीचं नाव वाटतंय गं.

क्रमांक चार सांगतो, स्कूटरचं भाडं अर्धं-अर्धं केलं,
पेट्रोल त्याचं.
तिचं नाव मात्र 'दिवाडीची', एवढंच.
क्रमांक अकरा म्हणते, पोदेराचा भोंगा वाजायच्या आत
करंजाळ्याच्या खोलीतून निघायचं, हा नियम.
कुणी केला?
'कांय ना गो. अशेंच.'

कांय ना.
हे उत्तर एकोणीस वेळा आलं. मी शून्य नोंदवलं.
मग हेडफोन लावून पुन्हा ऐकताना
शून्यं वेगवेगळ्या आकाराची निघाली.
एकात पंख्याची घरघर,
एकात चघळता चघळता थांबलेलं च्युइंगम,
एकात नुसतेच चार सेकंद.
(शांतता कंसात लिही, मॅडम म्हणतात.)

क्रमांक सव्वीस, प्राणिशास्त्र, फोंड्याची.
पिशवीत खेकड्यांच्या नमुन्यांची बरणी.
सगळी उत्तरं देऊन झाल्यावर तिनं विचारलं,
'आनी तुजो फॉर्म कोण भरता?'
मी म्हटलं, संशोधकानं तटस्थ राहायचं असतं.
'हो, मीही खेकडे मोजताना तटस्थच असते,'
ती म्हणाली, आणि बोटावरचा व्रण दाखवला.

त्या रात्री हॉस्टेलवर तेहतिसावं पत्रक घेतलं.
वय, विभाग, तालुका : डिचोली.
अकराव्या प्रश्नापर्यंत पेन अडलं नाही.
बारावा : दुसऱ्या दिवशी त्या व्यक्तीनं तुमची विचारपूस केली का?
होय / नाही / आठवत नाही.

प्रश्न माझा. पर्याय माझेच.
आणि मार्चमधल्या त्या दिवशी
ग्रंथालयात मी फोन पालथा ठेवला होता,
पालथा, पण टेबलाच्या कडेशी असा
की उजेड पडला तर दिसावा.
ह्याला खूण कुठे करायची?

मॅडमना सांगितलं, बारावा प्रश्न चुकलाय.
त्या चष्म्यावरून बराच वेळ बघत राहिल्या.
मग म्हणाल्या, आता बदलता येणार नाही,
मर्यादांमध्ये लिही.

लिहिलं.
नमुना लहान. कालावधी एक सत्र.
प्रश्न बारामधील पर्याय अपुरे.
एक पत्रक मोजणीत धरलेलं नाही.