नमुना क्रमांक नऊ

पहाटे तीनला बॅटरी घेऊन निघालो,
माय पुढे, मी मागे, शिवाय कुमऱ्यांची दुरपता.
उजाडलं तेव्हा ओटे पानांनी जड झाले होते
आणि बोटांना तो चिकट, हिरवा वास.

घरी आल्यावर माय पुडे बांधायला बसते.
ती मोजत नाही, तिचे हात मोजतात.
सत्तर झाले की अंगठा आपोआप थांबतो,
पळसाच्या वाकाची गाठ पडते.

मी एका पुड्यातलं पान हळूच काढलं,
वर्तमानपत्रात दाबायला. कॉलेजात नमुने द्यायचेत.
"एकोनसत्तराचा पुडा घेईन का मुन्शी?"
म्हणत तिनं दुसरं पान आत सरकवलं,
किडीनं खाल्लेलं, अगदी मधोमध.

मी म्हटलं, हिची प्रजाती मोठी आहे, माय.
आबनूस हिच्यातलाच. बर्डीवर फोमच्या जाळीत बसून
चाळीस रुपयांना एक मिळतं, ते अमरफळही.
"म्हंजे आडनाव एकच."
हो.
"किती देवांचे?"
ते पुस्तकात नव्हतं. मी म्हटलं, सातशेच्या वर जाती आहेत.
"जाती नाही पुसल्या. सोयरीक चालते का, ते सांग."

सरांना फळही हवं होतं.
पण आमच्याकडची झुडपं उन्हाळा लागायच्या आत छाटतात,
गुडघ्याएवढी, कोवळं पान फुटावं म्हणून.
फळ धरायला त्यांना सवड कुठं?
फळाचं झाड एकच, पेनठाण्यामागे,
कोणी कोयता न लावलेलं,
साल मगरीच्या पाठीसारखी चौकटी-चौकटींची.
बुंध्याशी अस्वलाची ताजी विष्ठा, बियांनी भरलेली.
"पाय वं, तुहे सर येऊन गेले आपल्या आधी,"
माय म्हणाली, आणि दुरपता हसता हसता खाली बसली.

तीन टेंभरं मिळाली.
एक मायनं तिथंच खाल्लं, एक दुरपतानं.
तिसरं मी ओढणीत बांधून आणलं, नमुन्यासाठी,
आणि दुपारी फळीवर रांगेत उभी असताना
कधी तोंडात गेलं, कळलं नाही.
आधी गोड. मग घशात जो तुरटपणा बसला
तो आमच्या पुड्यांची पाळी येईपर्यंत उठला नाही.

कागदावर आता पानं तीन,
पाकिटात सहा चपट्या बिया.
स्थानिक नाव: टेंभरू. लाकूड: आतून काळं.
फळ, या रकान्यात मी
आधी "मिळाले नाही" लिहिलं.
मग खोडलं.