शेवटची दोनशे पावलं

पहाटे पाच चाळीसला मी बस गरम करायला ठेवते.
डिझेलचा पहिला धूर वर चढतो
आणि खाणीच्या जुन्या राखेच्या डोंगरापुढे दिसेनासा होतो.
बावीस वर्षं हीच गाडी, सत्तावीस नंबर.
पेनसिल्व्हेनियाच्या या दरीत
बाईंच्याही आधी पोरांना भेटते ती मी, व्हर्ना होलुब.

आज बाई वर्गात नाहीत.
फाटकाबाहेर उभ्या आहेत, पिंपात लाकडं पेटवून,
हातात पाट्या. एका पाटीवरचं स्पेलिंग चुकलंय,
आणि ती रंगवलीय इंग्रजीच्याच मास्तरांनी.
बोटं गारठली होती म्हणे.

काल रात्री लॅडी जेवायला आला होता, माझा भाऊ.
त्याचं टायरचं दुकान आहे. घरपट्टीचा कागद
त्यानं मिठाच्या बरणीखाली दाबून ठेवला, उडू नये म्हणून.
खिडक्या तर बंद होत्या.
"उन्हाळाभर सुट्टी, वर पेन्शन, वर आता हे.
आणि माझा गुडघा? तो कुठल्या युनियनचा सभासद?"
मी बटाटे वाढले.
त्याची तेरेझ तिसरीला शिकवते.
तिची खुर्ची आम्ही दोघांनी पाहिली नाही असं केलं.

आमचे आजोबा खाणीत गेले.
युनियननं शवपेटीचे पैसे दिले, आजीला महिनाभर पीठ दिलं.
पुढच्याच वर्षी युनियनचा खजिनदार
गल्ला घेऊन फ्लोरिडाला पळाला.
आमच्या घरात या दोन्ही गोष्टी
एकाच श्वासात सांगतात,
कुठली आधी सांगायची ते सांगणाऱ्यावर.

चौथ्या थांब्यावर यादिराची आई
गोदामातल्या रात्रपाळीहून थेट आलेली,
अंगावर अजून तो चमकणारा पट्टा.
"बाईंचं बरोबर असेल," ती म्हणाली,
"पस्तीस पोरं एका वर्गात, मलाही कळतं.
पण शाळा बंद झाली तर हिला ठेवू कुठे?
माझ्या गोदामात आजारपणाची रजाही नाही."
मी म्हटलं, बोर्डानं बदली मास्तर आणलेत, शाळा उघडी आहे.
ती म्हणाली, "ते कोण?"
मलाही माहीत नव्हतं.

रेडिओ खरखरला: "सत्तावीस, सरळ आत घे. थांबू नकोस."
माझ्या करारात लिहिलंय, संपावर जाता येणार नाही.
कुठे थांबायचं, ते काही लिहिलेलं नाही.

फाटकाच्या दोनशे पावलं अलीकडे
मी ब्रेक दाबला. लाल दिवे लावले. दार उघडलं.
"उतरा. इथून चालत."
एकतीस पोरं, एकतीस दप्तरं, एक चेलो.

पोरं रांगेनं निघाली आणि पाट्या बाजूला झाल्या.
कुणी घोषणा दिली नाही. तेरेझनं एकाची झिप वर ओढली.
कुणीतरी विचारलं, "बाई, गृहपाठ आजच द्यायचा?"
आणि यादिरा त्या चुकलेल्या पाटीसमोर उभी राहिली,
ओठ हलवत वाचलं तिनं,
मास्तरांना म्हणाली, "सर, इथे एक अक्षर कमी आहे."
त्यांनी खिशातून मार्कर काढून तिलाच दिला.

मग मी पिंपाकडे पाहिलं.
जळणाऱ्या फळीवर अर्धी अक्षरं शिल्लक होती,
लॅडीच्या दुकानात टायर येतात त्या लाकडी चौकटींवरची.
रात्री कधी टाकून गेला, कुणास ठाऊक.
विचारलं तर म्हणेल, कचरा होता.

पलीकडच्या गाडीतून एक बाप ओरडला, कामचुकार!
फाटकापासून एकजण, फितूर!
दोन्ही डगरींवर हात, असंही कुणी म्हणेल.
म्हणू दे. माझे दोन्ही हात
स्टिअरिंगवर होते, आणि थरथरत होते.

"सत्तावीस? व्हर्ना, कुठे आहेस तू?"

मी रेडिओचा आवाज कमी केला.
बंद नाही केला.