बाकी

सावंगीच्या तेहतीस केव्ही उपकेंद्रात
एक खोली, एक लॅपटॉप,
आणि मी, अकरा महिन्यांच्या करारावर.
मीटर दर सेकंदाला एक ओळ पाठवतो.
साहेबांना एवढ्या ओळी नको असतात.
त्यांना हवे असतात पंधरा-पंधरा मिनिटांचे गठ्ठे,
जिनिंगमधल्या गाठींसारखे, दाबून, पट्टी मारून.

म्हणून मी क्वेरी लिहिली.
अवघड काही नाही, चौथीतलं गणित:
सेकंदांना नऊशेने भागायचं,
बाकी टाकून द्यायची,
आलेलं उत्तर पुन्हा नऊशेने गुणायचं.
सात वाजून एक मिनिट, सातात जमा.
सात वाजून चौदा, तेही सातात.
बाकी न मांडता गणित सोडलं
म्हणून ठाकरेबाईंनी मला उन्हात उभं केलं होतं.
इथे मला शाबासकी मिळाली.

तशी आपल्या बोलण्यालाही सवय आहेच.
सव्वा, साडे, पावणे,
दिवसाच्या भिंतीत ठोकलेल्या खुंट्या.
चार-सहा मिनिटं इकडची तिकडे
कोणी मनावर घेत नाही.

परवा पंचफुला कोहळे आली.
पायात चपला, डोक्याला मफलर, हातात काही नाही.
"मंगळवारच्या राती लाईन गेली होती ना व?"
मी अहवाल उघडला.
बंद: २.३०. सुरू: २.३०. कालावधी: शून्य.
"नाही गेली," मी म्हणाले. "इथे तरी दिसत नाही."
ती स्क्रीनकडे बघत राहिली,
वाचता येत नसलेल्या चिठ्ठीकडे बघावं तसं.
"मंग माहे पिल्ले का हौसेनं मेले?"

शेडमध्ये दोन दिवसांची शंभर पिल्लं.
ऊब देणारे चार बल्ब.
अंधार झाला तशी सगळी एका कोपऱ्यात सरकली,
एकावर एक,
खालच्यांना वरच्यांची ऊब पुरली नाही,
वजन मात्र पुरलं.

कवडू नैताम बाहेर ट्रान्सफॉर्मरजवळ तुरीच्या शेंगा सोलत होता.
त्याने आत येऊन न बोलता रजिस्टर उघडलं.
निळ्या पेनाने, तिरपं अक्षर:
"२.३१ ला गेली. २.४५ ला आली. थंडी लय."

मग मी गठ्ठा सोडला.
२.३१.०६ पासून २.४४.५१ पर्यंत
आठशे पंचवीस ओळी,
प्रत्येकीत व्होल्टेजच्या जागी शून्य.
सगळ्या होत्या. कुठेही गेल्या नव्हत्या.
मीच जाण्याची वेळ मागे ओढली, येण्याचीही मागे ओढली,
दोन्ही एकाच खुंटीवर टांगल्या,
आणि मधली रात्र खाली पडली.

कवडूनेही नऊ सेकंद ढकललेच होते,
पण पुढे.
पावणेतीन म्हणणारा माणूस
अजून न वाजलेल्या तीनकडे बघत असतो.
माझी क्वेरी मान वळवत नाही.
तिला फक्त झालेलं घड्याळ दिसतं.

पंचफुलाला मी पाणी दिलं.
काय बोलावं सुचेना, तेव्हा
नेहमी कोणालाही विचारते तसंच विचारून गेले,
"बाकी?"

"एकोणसाठ," ती म्हणाली.
पाणी पिऊन पेला उपडा ठेवला.

संध्याकाळी मी अहवालात एक रकाना वाढवला.
साहेबांचा फोन आला: हे काय मधेच?
कागद आडवा करावा लागतोय छापायला.
मी म्हटलं, हो सर, लागेल.